ओढ्यापलीकडच्या घराचा मान

सुगितानी, ११ सप्टेंबर

यासुयो-सान,

पत्र लिहिण्याचे कारण आधी सांगते. आमचे तामोत्सु खालच्या शहरात हॉस्पिटलात आहेत. यकृताचा कॅन्सर आहे आणि डॉक्टरांनी पाने गळेपर्यंतची मुदत दिली आहे. त्यांना घरी येऊन मरायचे आहे. पण यंदा देवाचा मान आमच्या घराकडे आहे, आणि देव बसलेल्या घरात मरण येऊ द्यायचे नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा देव आधी दुसऱ्या घरी गेला पाहिजे. पुढचे घर तुमचे आहे.

हवापाण्याचे वर्णन आणि प्रकृतीची चौकशी गाळली आहे. तुम्हाला राग येणार असेल तर तो एवढ्याशा गोष्टीने वाढू नये.

सध्याची स्थिती अशी. गावात मान घेणारी तीनच घरे उरली आहेत. आमचे, तुमचे आणि इसाओचे. इसाओची आई वसंतात गेली. अठ्ठ्याण्णव वर्षांची होती आणि आदल्या दिवशी तिने इसाओला अंघोळ न केल्याबद्दल झापले होते. त्यामुळे इसाओ वर्षभर सुतकात आहे. त्याच्या घरी देव जाऊ शकत नाही. तो स्वतः देवाच्या तोरी कमानीखालूनही जात नाही. रोज कमानीच्या बाजूने, शेतातून वळसा घालून वर जातो आणि चिखलाचे पाय घेऊन माझ्या कुंपणापाशी उभा राहतो.

खालच्या मोठ्या देवळाचे पुजारी नागाइ चांगले आहेत. तरुण आहेत, पंधरावीस गावांचे देव एकट्याने सांभाळतात. ते म्हणाले, "काकू, देवाची पेटी मी घेऊन जातो. आमच्याकडे बाजूच्या गाभाऱ्यात जागा आहे. तात्पुरती सोय."

इसाओ कुंपणाबाहेरून म्हणाला, "देव एकदा मोटारीत बसला की परत चढ चढत नाही, पुजारीबुवा. आमची पोरं बघितलीत ना."

नागाइ हसले.

माझ्या आजेसासूबाई सांगत, मेइजी काळाच्या शेवटी, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, सरकारी माणसे आली आणि लहान लहान देवळे एकत्र करा म्हणाली. आमचे देऊळ उतरवले, भोवतीचे देवदार तोडून विकले आणि देव खालच्या शहरात न्यायला पेटी मागितली. गावाने पेटी दिली. कुठली दिली हे कोणी विचारले नाही. तेव्हापासून आमच्या देवाला देऊळ नाही. टेकडीवर कमान आहे आणि देव घरोघर, एकेका वर्षासाठी. ज्यांनी सरकारला दिला नाही, त्यांच्या नातसुनेने तो गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून द्यावा, हे मला जमणार नाही.

तुम्ही गाव सोडलेत तेव्हापासून तुमच्या बंद घराची किल्ली तुमच्याकडे आहे. तुमचा पत्ता इसाओकडून घेतला. फोन नंबरही त्याने दिला होता, परंतु फोन तुम्ही ठेवून दिला असता आणि ते योग्यच झाले असते.

तुमच्या यजमानांच्या, कात्सुमींच्या वेळचे मी विसरलेले नाही. त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

नकार असेल तर तसे स्पष्ट लिहा. गप्प राहू नका. मला दिवस मोजून काम करायचे आहे.

कुराता तोमिए

सुगितानी, २४ सप्टेंबर

यासुयो-सान,

किल्ली पोचली. सोबतची ओळही वाचली: "घर वापरा. मी येणार नाही."

आभारी आहे, पण याने काम होत नाही. देव रिकाम्या घरी जात नाही. तिथे चूल पेटली पाहिजे, रोज सकाळी ताजे पाणी, मीठ, तांदूळ ठेवणारा माणूस पाहिजे आणि तो माणूस त्याच घरचा पाहिजे. नाहीतर मी तो शाळेच्या बंद इमारतीत ठेवला असता. तिथे छप्पर तुमच्यापेक्षा बरे आहे.

तुमचे छप्पर उत्तरेच्या कोपऱ्यात गळते आहे. मी बादली ठेवली आहे. बाकी घर कोरडे आहे. उंदीर आहेत, पण तुम्ही असतानाही होते. मी जमीन पुसली, चटया उन्हात टाकल्या, देवाच्या जागेची भिंत धुतली. इसाओला सुतकामुळे मानाच्या घरात पाऊल टाकता येत नाही. म्हणून त्याने तुमच्या कुंपणापर्यंतचे सगळे गवत कापले आणि मग कुंपणाबाहेर उभा राहून मला सूचना केल्या.

"वहिनी, ती चटई उलटी घातलीत."

"तू आत येऊन सुलटी घाल."

"येता येत नाही ना. म्हणून तर बोलतोय."

दोन दिवस हे चालले.

त्याने हेही विचारले की बाई मानकरी चालेल का. पूर्वी चालत नव्हती. मी म्हटले, तुझ्या मते उरलंय कोण? त्याने बोटे मोजली आणि विषय बदलला. तसेही तामोत्सु हॉस्पिटलात गेल्यापासून पहाटे गार पाण्याने अंघोळ करून देवापुढे मीच बसते. देवाने अजून तक्रार केलेली नाही. मांस सोडले आहे, त्याचे मला काही नाही. पण स्वतःच्या नवऱ्याला भेटायला जाताना हॉस्पिटलच्या उपाहारगृहातला चहासुद्धा पिता येत नाही, मानकऱ्याला दुसऱ्या चुलीवरचे चालत नाही म्हणून घरचे पाणी बाटलीत नेते, त्याचा मात्र कंटाळा आला आहे.

मानाच्या घराच्या दाराला बांधायचा पेंढ्याचा नवा दोर वळायचा होता. तो आजवर तामोत्सुच वळत. इसाओ सुतकात. म्हणून मी नव्या भाताचा पेंढा पिशवीत घालून हॉस्पिटलात नेला. ते उशीला टेकून बसले आणि हवेत हात फिरवून दाखवू लागले.

"डावा पीळ, तोमिए. डावा. तू गाठोडं बांधतेस तसा नको."

"डावाच आहे हा."

"तुझा डावा की माझा डावा?"

नर्स आली आणि पांघरुणावरचा पेंढा बघून म्हणाली, "आजोबा, हे काय, इथे गुरं बांधायचीत का?" ते म्हणाले, "देव बांधायचाय. गुरांपेक्षा गरीब असतो, घाण करत नाही." ती जाऊन झाडू घेऊन आली. परंतु झाडायच्या आधी माझ्या मागे उभी राहून पीळ बघत राहिली.

दोर वाकडा झाला आहे. तरी लावणार आहे.

तामोत्सु इतके झडले आहेत की कपडे घातले तरी आत माणूस आहे असे वाटत नाही. मी औषधांच्या दुकानात जन्म घालवला. वेदनाशमनाचा डोस कुठे चालला आहे हे मला डॉक्टरांनी सांगावे लागत नाही. घरी नेले तर ते देणे मला जमेल. त्यांना लिफ्टमधून खाली जायचे नाही, एवढेच ते म्हणतात. खाली तळघरात गेलेल्या लोकांची खोली आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितले आहे.

तुम्ही यावे. वर्षभर नको. थंडी सरेपर्यंत राहिलात तरी पुढचे मी बघेन. वसंतात इसाओचे सुतक फिटते.

तोमिए

सुगितानी, ५ ऑक्टोबर

यासुयो,

तुझे पत्र आले. तुम्ही-आम्ही मला जमत नाही, सोडून देते. तूही तीन पाने 'तू' म्हणूनच भांडली आहेस.

भांडलीस ते बरे केलेस. मी पत्र हॉस्पिटलात नेले आणि त्यांना वाचून दाखवले. काही गाळले नाही. "तुमच्या घराला पेटी हवी होती, माझा नवरा नव्हे" हेही वाचले. "माझ्या दारातून त्याला नेताना समोरच्या घराच्या झडपा बंद होत्या, भर दुपारी, आणि त्या घरात माझी मैत्रीण होती" हेही वाचले. "साकाइहून लग्न करून आले तेव्हा इथे मला धुराच्या चुलीवर चहाच्या पाण्यात तांदळाची पेज करायला शिकवणारी तूच, आणि त्या दिवशी माझ्या घरात शेजारचा भात आला नाही तोही तुझाच" हे वाचताना मला थांबावे लागले. चष्मा पुसायचा होता.

ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटले झोप लागली. मग म्हणाले, "सांगून टाक तिला."

"काय?"

"पाठीवरचं."

"आता कशाला?"

"मग कधी? मी गेल्यावर तू सांगशील होय? तू औषधाची चिठ्ठी दुसऱ्याला वाचू देत नाहीस."

तेव्हा सांगते. बसून वाच.

कात्सुमीने पुलापाशी, सगळ्यांच्या देखत, प्राण सोडला असे तुला सांगितले गेले. तसे झाले नाही. तो वर रानातच संपला. तोडताना दुसऱ्या झाडात अडकलेले झाड सुटले आणि तो त्याच्या खाली होता. तामोत्सु आणि इसाओ शेजारच्या घळीत होते. ते पोचले तेव्हा सगळे संपलेले होते. त्याला काही कळले नसावे, असे दोघेही म्हणतात, आणि सकाळी तोंड धुण्याआधीच खोटे बोलणारा इसाओसुद्धा या एका गोष्टीत कधी बदलला नाही, म्हणून मी ते मानते.

त्या वर्षीही देव आमच्याकडेच होता. मानकऱ्याने प्रेताला हात लावायचा नाही. इसाओ म्हणाला, "दादा, तुम्ही बाजूला व्हा, मी खालून माणसं आणतो."

तामोत्सु म्हणाले, "श्वास चालू आहे."

"नाही दादा."

"चालू आहे म्हटलं ना."

आणि त्यांनी त्याला पाठीवर घेतला. इसाओ दोघांच्या करवती घेऊन मागून चालत होता. तो सांगतो, दादा वाटभर त्याच्याशी बोलत होते. इथे दगड निसटता आहे, मान खाली घे. आता ओढा आला. यासुयोने आज काय रांधलंय बघू. पुलावर माणसे जमली होती. तिथे त्यांनी त्याला खाली ठेवला, त्याच्या तोंडाशी कान नेला आणि म्हणाले, "आत्ता गेला."

का, ते तू विचारशील. मीही विचारले होते, शर्ट धुताना. ते म्हणाले, "तिला कशाला कळायला हवं की तो एकटा होता?"

पुढचे तुला कळण्यासारखे आहे, तरी लिहिते. खरे सांगितले असते तर आमचे घर विटाळलेले ठरले असते. देव त्याच संध्याकाळी दुसरीकडे गेला असता आणि आम्ही दोघे तुझ्या दारात येऊन बसायला मोकळे झालो असतो. पण मग कात्सुमी कुठे आणि कसा गेला हे गावाला कळले असते, म्हणजे तुला कळले असते. ते लपवायचे तर आम्ही शुद्ध राहायला हवे होते, आणि शुद्ध घराला प्रेतयात्रा बघायची नसते. म्हणून झडपा लावल्या. आणखी एक कारण होते. झडपांच्या आतल्या बाजूला तामोत्सु मूठ तोंडात कोंबून बसले होते. मानकरी शेजाऱ्यासाठी असे रडत नाही, पाठीवर वाहून आणलेल्या माणसासाठी रडतो. कोणी ऐकले असते तर विचारले असते.

मला हे तेव्हा पटले नव्हते. आजही पूर्ण पटत नाही. मला विचारले असते तर मी म्हटले असते, तिला खरे सांगा आणि तिच्या शेजारी जाऊन बसा. पण त्यांनी मला विचारले नाही, आणि पाठ माझी नव्हती.

म्हणजे आमच्या घराने पेटीसाठी तुझा नवरा सोडला, असे तू म्हणतेस, त्यात उलटसुलट झाले आहे. त्या वर्षी देव विटाळलेल्या घरात बसून राहिला. त्याला ते माहीत होते. रोज सकाळी पाणी ठेवताना मी मान वर करत नसे. त्या वर्षी भात उत्तम आला. अर्थ तू काय लावायचा तो लाव.

हे सांगितले म्हणून तू यावेस असे मी म्हणत नाही. ते वेगळे आणि हे वेगळे. यायचे नसेल तर नको येऊस, पण झडपांबद्दल यापुढे मला लिहू नकोस.

तोमिए

सुगितानी, १३ ऑक्टोबर

यासुयो,

तुझे कार्ड काल आले. तू लिहिले आहेस, "मी येते. पण पेटी माझ्या घरी आली तर तामोत्सु-सानच्या वेळी मला ओढा ओलांडता येणार नाही. तुला चालेल?"

नाही चालणार. पण तसेच करावे लागेल.

हे मी पहिल्या पत्राच्या आधीपासून धरून चालले होते. तुला आठवण करून देण्याचे धैर्य झाले नाही. तुला मागायचे आणि वर हेही सांगायचे, एवढे तोंड मला नव्हते. तू स्वतः काढलेस, म्हणून मोकळेपणाने लिहिते. ते गेल्यावर तू आमच्या घरी येणार नाहीस. आमच्या चुलीवरचे खाणार नाहीस, मी तुझ्या ओट्यावर पाऊल ठेवणार नाही. झडपा लावून घ्याव्या लागतील. मी आत असेन आणि तू तिकडे असशील.

तामोत्सुंना मी विचारले, यावेळी काही वाट काढता येईल का. ते म्हणाले, "नियम एकदा मोडला, पुन्हा मोडायचा नाही. देवालाही काही मर्यादा असते."

म्हणून असे ठरवले आहे. नागाइंनी पेटी हलवायला बावीस तारीख दिली आहे. तू एकोणिसालाच ये. त्याच दिवशी मी त्यांना घरी आणते. पेटी आमच्याकडे असेपर्यंत त्यांनी मरायचे नाही, असे मी त्यांना बजावले आहे. ते म्हणाले, "तू दुकानातसुद्धा लोकांना असंच बोलायचीस. म्हणून बरे व्हायचे." आजारपणाला सुतक नसते. तीन दिवस तू आमच्या घरी, आमच्या ताटात जेव. नंतर करायचे ते सगळे आधी करून घे. रडायचे असेल तर तेही. ते जिवंत असताना त्यांच्यासमोर रडणे वाईट दिसेल असे तुला वाटेल. त्यांना चालेल, मी विचारले आहे. "नंतर रडली तर मला काय उपयोग," असे म्हणाले.

हॉस्पिटलचे डॉक्टर तयार नव्हते. चढाचा रस्ता, थंडी, जवळ दवाखाना नाही. मी त्यांना औषधांची यादी आणि वेळा लिहून दाखवल्या. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली, त्यातली एक चुकीची होती. ती त्यांनी मागे घेतली.

बस शाळेच्या मोडापर्यंत येते, पुढे बंद झाली आहे. इसाओ ट्रक घेऊन येईल. ट्रकमध्ये तो बडबड करील. तू गेल्यापासून गावात काय काय झाले ते सगळे सांगेल, त्यातले निम्मे झालेले नाही. मुलीला, चिहारुला, सांग की आईला थंडीत जपायला इथे माणसे आहेत. जाड मोजे आण. तुझे घर गार आहे, ते तुला आठवत असेलच.

तुझ्या छपरावर इसाओच्या भाच्याने पत्रा ठोकला. बादली काढली आहे.

आणखी एक. परवा देवापुढे बसले असताना मला खोलीत चहाच्या पेजेचा वास आला. मी शेगडीवर ठेवून विसरले होते, जळत होती. उठून धावले आणि मग लक्षात आले की मी देवाला पाठ दाखवली. परत येऊन माफी मागितली. तू असतीस तर हसली असतीस. इतक्या वर्षांत मी तुझ्या हसण्याबद्दल विचार केला नव्हता, असे लिहिणार होते. ते खोटे झाले असते.

तोमिए

सुगितानी, ९ नोव्हेंबर

यासुयो,

हे पत्र समोरच्या घरातून येते आहे. पोस्टाची गाडी ते आधी शहरात नेईल आणि परवा परत तुझ्याकडे आणील. पोस्टमनने पाकिटावरचे दोन्ही पत्ते वाचले आणि ओढ्याकडे बघितले. "आजी, मी असंच देऊन येऊ का, चार पावलं तर आहेत." मी म्हटले, शिक्का मारून आण. माझ्या घरची वस्तू सरळ तुझ्या घरात जाऊ नये. शहर फिरून आली तर ती पोस्टाची होते, असे मी नागाइंना विचारून ठरवले आहे. त्यांना उत्तर माहीत नव्हते. पण ते म्हणाले, पटण्यासारखे आहे.

ते चार तारखेला गेले, सकाळी. तुला ते कळले असणार, इसाओने तुझ्या कुंपणाबाहेर उभा राहून टोपी काढली होती. तू झडपा लावून घेतल्यास, तेही मी पाहिले. नीट लावल्यास. उजवीकडची पूर्वी अडायची.

तुला काही गोष्टी दिसल्या नाहीत, त्या सांगते.

ते बैठकीच्या खोलीतच होते, देव होता त्या जागेच्या बाजूला. जागा रिकामी झाल्यावर त्यांनी अंथरूण तिकडे सरकवायला लावले. दुखणे आटोक्यात होते. आदल्या दिवशी त्यांनी पर्सिमनचे फळ मागितले, खाल्ले नाही, हातात धरून ठेवले. सकाळी मी तोंड पुसत होते तेव्हा विचारले, "पलीकडे धूर आहे का?" मी खिडकी उघडली. तुझ्या चुलीचा धूर होता, सरळ वर जात होता. मी म्हटले, आहे. "मग बरं," म्हणाले. त्यानंतर बोलले नाहीत. दुपारच्या आत संपले. एकटे नव्हते. हे मी तुझ्यासाठी मुद्दाम लिहीत नाही, ते खरे आहे. माझा हात त्यांच्या हातात होता आणि इसाओ पायांशी बसून नाक शिंकरत होता.

भिक्षू खालच्या मठातून आले. सूत्रे लवकर आटोपली, त्यांना आणखी एका ठिकाणी जायचे होते. माणसे कमी होती, तरी ज्यांनी यायला हवे ते आले. हॉस्पिटलची ती नर्स आली, सुट्टी काढून, दोन बसगाड्या बदलून. तिने मला विचारले, "आजोबांनी तो दोर कुठे लावला?" मी खिडकीतून तुझे दार दाखवले. ती म्हणाली, वाकडा आहे. मी म्हटले, मी वळलाय.

शेजारणीची जागा रिकामी नव्हती. इसाओने ते पाहिले आणि बाहेर जाऊन बराच वेळ लाकडे फोडली. एवढी लाकडे मला दोन हिवाळे पुरतील.

मी बरी आहे. जेवते. औषधे घेते. खोटे लिहीत नाही. संध्याकाळ तेवढी लांब वाटते, ती दिवस लहान झाल्यामुळे असावी, असे मी म्हणते आणि मग दिवस लहान होणे आणि संध्याकाळ लांब होणे यात काय संबंध, ते मलाच सांगता येत नाही.

तू सकाळचे पाणी वेळेवर ठेवतेस ना? मीठ ओलसर होते, ते भाजून ठेव. पहाटेच्या अंघोळीला पाणी थोडे कोमट केलेस तर मी कोणाला सांगणार नाही. तामोत्सु करत असत.

पन्नास दिवस झाल्यावर नागाइ येऊन माझ्यावर मीठ शिंपडतील, तेव्हा मी पुलापर्यंत येऊ शकते. तू तुझ्या बाजूने ये. मध्ये उभे राहून बोलू. तोवर पोस्ट आहे.

पेटी दिली त्या दिवशी पुलावर दोघींच्या ओठांत कागद होता. देवावर श्वास पडू नये हे ठीक, पण तू पेटी छातीशी आवळून एकेक पाऊल चाचपत गेलीस आणि मला काही बोलता आले नाही. बोलायचे होते ते हे, की पेटी जड नाही, भीती जड आहे, चार दिवसांत जाईल. आता गेली असेल.

हस्तांतराची नोंद दोन्ही घरांनी ठेवायची असते. तुझी प्रत सोबत लिहून पाठवते. मूळ नागाइंकडे आहे.

तोमिए

मानाच्या हस्तांतराची नोंद

२२ ऑक्टोबर, ऊन दरीत उतरण्यापूर्वी, ओढ्यावरील पुलावर.

देणारे घर: कुराता. तामोत्सु अंथरुणावर असल्याने त्यांच्या वतीने पत्नी तोमिए.

घेणारे घर: हिगाशी. दिवंगत कात्सुमी यांच्या पत्नी यासुयो.

पुजारी: नागाइ. इसाओ सुतकात असल्याने शेताच्या बांधावर उभे होते. त्यांना साक्षीदार धरलेले नाही. त्यांनी दिलेल्या सूचनाही धरलेल्या नाहीत.

दिले आणि घेतले:

देवाची पेटी, पांढऱ्या रेशमात गुंडाळलेली. उघडलेली नाही.

पाण्याचे भांडे, मिठाची आणि तांदळाची वाटी. वाटीला जुनी चीर आहे, ती याआधीची.

साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतण्याची सुरई, झाकणासह.

देवाला वाहायची साकाकी झाडाची ताजी डहाळी. यासुयो यांनी तोडली.

नवा दोर, डाव्या पिळाचा.

देवाची चूल पेटवण्याची चकमक आणि गारगोटी.

घेणाऱ्या घराकडून देणाऱ्या घरास, प्रथेत नाही, परंतु पुजाऱ्यांच्या संमतीने, पेटीला हात लावण्याआधी:

यासुयो यांचा काळा, शोकाच्या प्रसंगी नेसायचा किमोनो, हिगाशी घराच्या कुलचिन्हासह, पट्टा आणि पांढरे मोजे धरून. वेळ येईल तेव्हा शेजारणीच्या जागेवर घडी घालून ठेवायचा. घेतला: तोमिए.